कठडा नसलेल्या होडीला फेंडर कसे बांधायचे?



होडीची डागडुजी काढली की आपण बूड बघतो, गळती बघतो, वल्ही आणि जाळी बघतो. कडेकडं मात्र शेवटी लक्ष जातं. खरं तर आपल्या भागात होडी सगळ्यात जास्त मार खाते ती कडेलाच. मासे धरताना पाण्यात होडीला काही होत नाही. होतं ते काठाला लावल्यावर. दगडी घाट, बंधाऱ्याचा खांब, जलाशयाचं दगडी पिचिंग, नाहीतर शेजारची होडी, यांच्यावर ती रात्रभर घासत राहते.

समुद्राकाठी, मालवणला किंवा रत्नागिरीला बंदरावर गेलेल्यांनी पाहिलं असेल, मोठ्या बोटींच्या कडेला जुने टायर लटकवलेले असतात. तेच फेंडर. फेंडर म्हणजे होडी आणि काठ यांच्या मधली गादी. पण त्या बोटींना वर कठडा असतो, लोखंडी खुंट असतात, दोर कुठंही बांधता येतो. आपल्या होडीची कड गुळगुळीत आणि उघडी. टायर सगळ्यांकडं आहे, बांधायला जागा नाही, ही आपली खरी अडचण. म्हणून आजचा पाठ त्या जागेबद्दल आहे.

फेंडर का हवा?

एक म्हणजे होडीसाठी. फायबरची होडी एका धडकेनं सहसा फुटत नाही, ती झिजते. वरचा चकचकीत थर, ज्याला कारागीर जेलकोट म्हणतात, तो घासून गेला की आतली फायबरची जाळी उघडी पडते. तिच्यात पाणी शिरतं, थर सुटायला लागतात आणि होडी जड होते. लाकडी होडीत कडेची फळी झिजते, खिळे उघडे पडतात, सांध्यात पाणी मुरून लाकूड कुजतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे हात-पाय. फेंडर नसला की होडी घाटाला लागताना माणूस आपसूक हात पुढं करतो, नाहीतर पाय लावतो. रिकामी होडी हातानं थोपवता येते. पण चार माणसं, जाळी आणि मासळीची क्रेट घेतलेली होडी वाहत्या पाण्यात कितीही हळू आली तरी बोटं चिरडायला पुरेशी असते. बोट गेलं की जाळं ओढणं गेलं, जाळं विणणंही गेलं. घरातल्या बायका मासळी उतरवायला कडेवर हात ठेवून उभ्या असतात, पोरं कडेवर बसतात. त्यांनाही हा धोका तेवढाच आहे.

तिसरं कारण पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर आल्या, ते आपण कोणी विसरलेलो नाही. अशा वेळी होडी घाटाला लागत नाही, घराच्या भिंतीला, जिन्याला, खिडकीच्या ग्रिलला लागते. म्हातारी माणसं आणि लेकरं भिंतीवरून होडीत उतरतात. त्या क्षणी होडी आणि भिंत यांच्या मधे गादी असणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

फेंडर कशाचा करायचा?

बाजारात हवा भरलेले प्लास्टिकचे तयार फेंडर मिळतात. ते चांगले असतात. पण आपल्याकडं घरातल्या वस्तूतही काम होतं.

स्कूटरचा जुना टायर: लहान होडीला हाच सगळ्यात सोयीचा. ट्रकचा टायर नको. तो जड असतो, एका बाजूला होडी कलते आणि ओढून आत घेता येत नाही. टायर फाटून आतली तार बाहेर आली असेल तर तो वापरू नका, ती तार होडीलाही कापते आणि हातालाही. टायरच्या खालच्या बाजूला दोन भोकं पाडा. नाहीतर आत पाणी साठतं, वजन वाढतं, आणि होडी वर काढून ठेवली की त्याच पाण्यात डास होतात. काळे डाग नको असतील तर टायरवर जुनं पोतं शिवून घ्या.

जुन्या जाळ्याचा लोड: निकामी झालेलं जाळं घट्ट गुंडाळून दोन फुटी लोड करा, दोरीनं आवळा आणि ताग्याच्या पोत्यात शिवा. हा फेंडर मऊ असतो आणि होडीला डाग पडत नाही. शिवाय फाटकं जाळं पाण्यात जात नाही, तेही काम होतं.

पाच लिटरचा कॅन: झाकण घट्ट असलेला रिकामा कॅन जाळ्याच्या तुकड्यात बांधून लटकवता येतो. हलका असतो. पण उन्हानं तडकतो, म्हणून हा तात्पुरता उपाय समजा. औषध फवारणीचा कॅन अजिबात घेऊ नका.

मापाचा एक साधा अंदाज लक्षात ठेवा. गोल लांबट फेंडर असेल तर होडीच्या दर चार-पाच फूट लांबीला एक इंच जाडी धरतात. म्हणजे सोळा फुटी होडीला साधारण चार इंच. आपला काठ खडबडीत दगडाचा, म्हणून पाच-सहा इंच घेतलेला बरा. दर बाजूला कमीत कमी दोन फेंडर हवेत. एकच मधोमध बांधला तर होडी त्याच्यावर फिरते आणि दोन्ही टोकं आपटतात. कडेची फुगीर बाजू जिथं सुरू होते आणि जिथं संपते, तिथं एकेक बांधा.

आता मुख्य प्रश्न: बांधायचं कुठं?

नियम एकच. फेंडरवर येणारा ओढा होडीच्या मजबूत भागावर गेला पाहिजे, पातळ कडेवर नाही. होडीत मजबूत भाग म्हणजे बसायची आडवी फळी, वल्ह्याची कडी, पुढच्या टोकाची आणि मागची दोर बांधायची कडी. यांचा उपयोग करून चार रीती सांगतो. पहिल्या दोन रीतींना एकही भोक पाडावं लागत नाही.

रीत पहिली: आडवा दोर

एकच दोर होडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचा, दोन्ही टोकांना एकेक फेंडर. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं ओझं टाकतो तसं. फक्त टाकून मात्र ठेवायचं नाही. एका बाजूचा फेंडर लाटेनं वर उचलला गेला की दुसरा खाली घसरतो. म्हणून दोर बसायच्या फळीला दोन्ही टोकांशी पक्का करायचा.

कृती अशी. पहिला फेंडर बाहेर लटकवा. दोर कडेवरून आत घ्या आणि फळीच्या टोकाशी आणा. फळीभोवती दोन पूर्ण वेढे द्या. मग मोकळा दोर ताणलेल्या दोराभोवती एकदा फिरवून स्वतःच्या खालून काढा आणि आवळा. असंच आणखी एकदा करा. झाली गाठ. आता दोर फळीच्या खालून दुसऱ्या टोकाला न्या, तिथं तसेच वेढे, तशीच गाठ, आणि कडेवरून बाहेर दुसरा फेंडर. दोर फळीखालून न्यायचं कारण म्हणजे वरून नेला तर पाय अडकतो आणि जाळंही अडकतं.

दोर किती लागेल? होडी साडेचार फूट रुंद धरू. रुंदीचे साडेचार, फळीपासून कडेवर यायला दोन्हीकडचा मिळून एक, बाहेर लोंबायला दीड-दीड म्हणजे तीन, फळीवरच्या वेढ्या-गाठींना अडीच-अडीच म्हणजे पाच, फेंडरला बांधायला दीड-दीड म्हणजे तीन. एकूण साडेसोळा, म्हणजे सतरा फूट घ्या. दोन फळ्यांवर अशा दोन जोड्या केल्या की चौतीस फूट दोरात सगळी होडी झाली. आठ मिलिमीटर जाडीचा दोर पुरतो.

दोर कुठला? नायलॉनचा दोर थोडा ताणतो, झटका सोसतो. निळा-हिरवा प्लास्टिक दोर स्वस्त असतो आणि तरंगतो, पण उन्हानं कडक होऊन तुटतो आणि त्याची गाठ निसटते. तोच वापरायचा असेल तर गाठीपुढं चार बोटं जास्त टोक सोडा आणि दरवर्षी दोर बदला.

कडेवरून दोर जातो तिथं तो घासून तुटतो. तिथं सायकलच्या ट्यूबचा किंवा पाण्याच्या पाईपचा वीतभर तुकडा दोरात ओवून घ्या. हे एवढं काम केलं तर दोराचं आयुष्य दुप्पट होतं म्हणायला हरकत नाही.

काही फायबरच्या होड्यांत बसायची जागा म्हणजे बंद पेटी असते, आत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तिच्याखालून दोर जात नाही. त्या पेटीला भोक पाडायचं नाही. पेटीत पाणी शिरलं तर उलटलेली होडी तरंगणार नाही. अशा होडीला पुढची रीत वापरा.

रीत दुसरी: कडेच्या आतून लांब दोर

पुढच्या टोकाच्या कडीपासून मागच्या कडीपर्यंत, कडेच्या आतल्या बाजूनं, एक दोर ताणून बांधायचा. मधे वल्ह्याच्या कडीला तो अडकवून एक वेढा द्यायचा, म्हणजे झोळ पडत नाही. दोन्ही बाजूला असा एकेक दोर. फेंडर या दोराला पाहिजे तिथं बांधता येतात. घाट लांब असेल तर लांब लांब, शेजारी होडी लागणार असेल तर मधे जवळ जवळ.

या रीतीत फेंडर सरकू शकतात. म्हणून फेंडरचा दोर लांब दोराला नुसता अडकवू नका, दोन वेढे देऊन आवळा. आणि लांब दोर सैल झाला की पुन्हा ताणा. सैल दोर हा पाय अडकायचा सापळा असतो.

रीत तिसरी: दोन शिंगांची खुंटी

हे कायमचं काम. कडेवर लोखंडी किंवा प्लास्टिकची दोन शिंगांची खुंटी, जिला क्लीट म्हणतात, ती बसवायची. इथं बहुतेक जण स्क्रूनं भागवतात. फायबरमधे स्क्रू धरत नाही, दोन महिन्यांत भोक मोठं होऊन खुंटी हातात येते. आरपार नट-बोल्टच हवा, तोही स्टेनलेसचा.

कडेच्या खालच्या बाजूला नटाखाली नुसता वायसर लावू नका. खुंटीपेक्षा थोडी मोठी, अर्धा इंच जाडीची चांगल्या प्लायवूडची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा आणि तिच्यावर मोठा वायसर, मग नट. ओढा पट्टीभर पसरतो, एका बिंदूवर येत नाही. भोकात सीलंट भरून मगच बोल्ट घाला. बऱ्याच होड्यांच्या कडेत फायबरच्या आत लाकूड असतं. भोकातून पाणी गेलं तर ते आतल्या आत कुजतं आणि वरून कळतही नाही. म्हणून अशा कडेला भोक जरा मोठं पाडून त्यात इपॉक्सी भरायचं, ते वाळलं की त्यातून बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं. लाकडी होडीत बोल्ट नुसत्या फळीतून न नेता आतल्या आडव्या वाशातून न्या.

होडी संस्थेच्या नावावर असेल तर भोक पाडायच्या आधी संस्थेत विचारा.

खुंटीला दोर बांधताना आधी बुडाशी एक पूर्ण वेढा, मग दोन्ही शिंगांवरून आठ आकड्यासारखा एक फेरा, आणि शेवटी दोर उलटा पिळून शिंगावर अडकवायचा. बस्स. दहा वेढे दिले म्हणजे पक्कं होत नाही, उलट घाईत सुटत नाही.

रीत चौथी: कडेला कायमची पट्टी

हरिगोल आणि काईल यांना वरच्या रीती लागू पडत नाहीत. गोल होडी फिरत राहते, कुठली बाजू काठाला लागेल सांगता येत नाही. गुळाच्या काईलीतून नदी ओलांडणारी माणसं आपल्या भागानं पाहिलेली आहेत. तिलाही कठडा नाही आणि कडी सोडून काही नाही. अशा गोल होडीला सगळ्या कडेभोवती गादी हवी.

शेतातल्या मोटारीची जुनी सक्शन पाईप घ्या. ती लांबीनं एका बाजूला चिरा आणि कडेवर टोपीसारखी बसवा. कडेच्या अगदी वरच्या पट्टीत दर फुटाला लहान भोक पाडून नायलॉनच्या सुतळीनं पाईप शिवून टाका. गाठी आतल्या बाजूला ठेवा. लांब होडीलाही ही पट्टी उपयोगी आहे, पण तिथं ती घासण्यापासून वाचवते, धडकेला लटकता फेंडर लागतोच.

किती उंचीवर लटकवायचा?

होडी रिकामी असताना उंची ठरवू नका. माणसं आणि मासळी घेतल्यावर होडी खाली बसते. नेहमीचा भार घेऊन काठाला लावा आणि कुठला भाग दगडाला लागतो ते बघा. फेंडरचा जाड भाग बरोबर तिथं आला पाहिजे. खालचं टोक पाण्याच्या जरा वर राहू द्या. पाण्यात बुडालेला फेंडर होडीला ओढतो. शेजारच्या होडीला लावताना दोन्हींच्या कडा जिथं भेटतात तिथं फेंडर वर घ्या.

घाटाच्या पायऱ्यांना लावताना एक धोका ध्यानात ठेवा. पाणी चढत असेल तर होडीची कड पुढं आलेल्या दगडाखाली अडकते आणि होडी तिथंच पाण्यानं भरते. फेंडर होडीला दगडापासून लांब ठेवतो, पण वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल तर होडी काठाला बांधून घरी जाऊ नका, वर ओढून ठेवा.

बंधाऱ्याच्या खांबाजवळ

आपल्याकडं कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ असे बंधारे आहेत. हिवाळ्यात बरगे घातल्यावर वरच्या बाजूला पाणी शांत असतं आणि काही जण खांबाला होडी लावतात. खांब अरुंद असतो. होडी जरा पुढं-मागं झाली की फेंडर खांबावरून निसटतो आणि होडी थेट काँक्रीटला लागते. त्याला उपाय म्हणजे फळी. दोन फेंडर चार फुटांच्या अंतरात लटकवा आणि त्यांच्या बाहेरून पाच फुटी फळी दोन दोरांनी आडवी लटकवा. खांब फळीला लागतो, फळी फेंडरला, आणि होडी सुरक्षित. फळीचे दोरही आतल्या त्याच मजबूत जागी बांधायचे.

हे फक्त शांत पाण्यासाठी आहे. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना वरच्या बाजूला होडी नेऊच नका. प्रवाह होडीला बंधाऱ्यावर दाबून आडवी करतो, तिथं फेंडर काहीही करू शकत नाही.

हिडकल जलाशयावर वारा सुटला की लाटा दगडी पिचिंगवर होडी उचलून आपटतात. तिथं कडेचा फेंडर पुरत नाही, कारण मार बुडाला बसतो. होडीचं पुढचं टोक काठाकडं करा, मागून नांगर किंवा दगड टाकून तिला पिचिंगपासून लांब धरा. बाजूचे फेंडर शेजारच्या होड्यांसाठी राहू द्या.

जाळं टाकायच्या आधी

काठ सोडला की फेंडर आत. हा नियम घरातल्या पोरांनाही शिकवा. लटकता फेंडर जाळ्यात गुंततो, टायरच्या कडेला जाळं फाटतं आणि वल्हं मारताना आडवा येतो. म्हणून फळीवरची शेवटची गाठ आवळताना दोराचं टोक दुमडून घाला, बुटाच्या नाडीसारखं. मग एक झटका दिला की गाठ सुटते. पुराच्या पाण्यात फेंडर कुठं अडकला तर तो दोर एका हातानं सोडता आला पाहिजे. सुरी जवळ असू द्याच, पण सुरी शोधायची वेळ येऊ नये.

महिन्यातून एकदा बघा

दोर कडेवर घासलाय का? टायरची भोकं चिखलानं बुजलीत का? खुंटीचा नट ढिला झालाय का? पोतं फाटून जाळ्याचा लोड बाहेर आलाय का? पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सगळ्यात शेवटची गोष्ट. कितीही चांगला फेंडर बांधला तरी होडी हळू आणायची सवय फेंडर लावत नाही. काठ जवळ आला की वल्हं थांबवा, हात-पाय कडेच्या आत घ्या, पोरांना खाली बसवा. दगड आणि होडी यांच्या मधे टायर जाऊ द्या, माणसाचा हात जाऊ देऊ नका. टायर दुसरा मिळतो.

ज्यांच्या होडीची बनावट वेगळी आहे, फळी नाही किंवा कडी नाही, त्यांनी होडीचा एक फोटो घेऊन संस्थेत या. बसून बघू, कुठल्या रीतीनं जमतंय ते.

आपला,
सचिव